बिलावर लाकडाचे नाव हवे

प्रति,
मा. संपादक,
नागपूर

विषय : आफ्रिकेतील लाकडी कोरीवकाम व दागिन्यांचा परदेशी व्यापार आणि आपण ग्राहक

महोदय,

गेल्या हिवाळ्यात आपल्या शहरात भरलेल्या एका हस्तकला प्रदर्शनात आफ्रिकेतील वस्तूंच्या गाळ्यापुढे मी बराच वेळ थांबले होते. तेथे वीतभर उंचीचा एक काळाभोर हत्ती ‘अस्सल एबनी’, म्हणजे आबनूस हे जड काळे लाकूड, म्हणून विक्रीला ठेवला होता. तो हातावर घेतला तेव्हा सावरीच्या लाकडासारखा हलका लागला, आणि पोटाखाली अंगठा घासून पाहिला तर अंगठ्याला बुटाच्या पॉलिशचा डाग आणि वास दोन्ही लागले. मी तो परत ठेवला. माझ्यादेखत एका काकूंनी बरीच घासाघीस करून तोच हत्ती घेतला आणि ‘हे खरं आबनूस बरं का’ असे आपल्या सुनेला कौतुकाने सांगत त्या पुढे गेल्या. त्या वेळी मी गप्प राहिले याची रुखरुख मला अजून आहे आणि त्या रुखरुखीपोटीच हे पत्र लिहीत आहे.

मी २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षे केनियातील मोम्बासा बंदरात, माल रवाना करणाऱ्या एका कंपनीत निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करीत होते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला, लाकूड किडीपासून मुक्त असल्याचा दाखला, हे सगळे माझ्या टेबलावरून जात असे. लाकडी मूर्ती, मुखवटे, सॅलडचे चमचे, मण्यांच्या माळा आणि पितळी कंकणे युरोप-अमेरिकेतील दुकानदारांकडे कशी जातात आणि वाटेत त्यांचे मोल कुठे कुठे गळते, हे मी जवळून पाहिले आहे. त्या काळात ‘परदेशी ग्राहक’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे जर्मन किंवा अमेरिकन माणूस येई. आता नागपुरातील प्रदर्शनांत आणि मोबाइलवरच्या दुकानांत हा माल आपणही घेऊ लागलो आहोत, म्हणजे मोम्बासाच्या कारागिराच्या दृष्टीने परदेशी ग्राहक आपणही आहोत, आणि म्हणून त्या व्यापारातील काही गोष्टी आपल्याला ठाऊक असायला हव्यात.

केनियातील लाकडी कोरीवकाम हे पुराणकाळापासून चालत आलेले काम आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आज जे प्राणी आणि मूर्ती आपण पाहतो त्यांचा व्यापार जेमतेम शंभर वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुतिस्या मुंगे नावाचा कांबा जमातीचा एक माणूस दक्षिणेला, आजच्या टांझानियात गेला, तेथील कारागिरांचे कोरीवकाम त्याने पाहिले, आणि माचाकोस भागातील वामुन्यू या आपल्या गावी परतल्यावर त्याने ते काम सुरू केले. त्याच्याकडून भाऊबंदांनी घेतले, त्यांच्याकडून गावाने घेतले, आणि पाहता पाहता हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटू लागली. मोम्बासात चांगाम्वे भागात या कांबा कारागिरांची सहकारी संस्था १९६३ पासून, म्हणजे केनिया स्वतंत्र झाला त्या वर्षापासून, चालू आहे. सहकाराचे नाव काढले की आपल्याकडे साखर कारखाने आठवतात. तेथे नारळाच्या झावळ्यांच्या छपराखाली रांगेने बसलेले, पायाच्या अंगठ्यांत लाकूड धरून वासल्याने त्याचा गेंडा घडवणारे लोक आठवावेत.

त्या छपराखाली मी पहिल्यांदा गेले तेव्हा वासावरूनच थबकले होते. जमिनीवर ढलप्यांचा खच पडला होता आणि त्यांचा कडवट वास माझ्या माहेरच्या अंगणातल्या झाडाचा होता. एका वृद्ध कारागिराने, ज्यांना तेथे सगळे ‘म्झे’ म्हणजे वडीलधारे म्हणून हाक मारीत, मला एक ढलपी उचलून दिली आणि ‘मामा (स्वाहिलीत आई), हे झाड तुमच्याच देशातून आले,’ असे सांगितले. तो कडुनिंब होता. भारतातून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या या झाडाला स्वाहिली भाषेत ‘म्वारोबाइनी’ म्हणतात. ‘आरोबाइनी’ म्हणजे चाळीस, आणि हे झाड चाळीस दुखणी बरी करते अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पाडव्याला आम्ही याचीच कोवळी पाने खातो, असे मी सांगितल्यावर म्झे मनापासून हसले आणि हातातला पाणघोडा त्यांनी माझ्यापुढे धरला. त्याची पाठ लालसर होती, एका बाजूला पॉलिश पेपर फिरवून झाला होता आणि दुसऱ्या बाजूवर वासल्याचे खवल्यांसारखे घाव अजून दिसत होते. घासण्याचे आणि मेणाचा हात देण्याचे काम बहुधा घरातल्या बायका आणि मुले करतात, हेही मला तेव्हाच कळले.

कडुनिंब त्या छपराखाली कसा आला, ही हकीकत मला या सगळ्या व्यापारातील सर्वांत महत्त्वाची वाटते. आधी हे कारागीर ‘मुहुगू’ नावाचे जंगली झाड वापरीत. ते अतिशय सावकाश वाढते, त्याचे लाकूड घट्ट आणि देखणे असते, आणि पर्यटक वाढले तशी मागणी इतकी वाढली की किनाऱ्यावरच्या जंगलांतून ते झाड दिसेनासे होऊ लागले. मग वनस्पतिशास्त्रज्ञ, निसर्गसंरक्षणाच्या संस्था आणि कारागिरांची संस्था एकत्र बसली आणि शेताच्या बांधावर सहज वाढणारी झाडे, म्हणजे कडुनिंब, आंबा आणि निळा मोहर, कोरीवकामाला वापरावीत असा प्रयत्न सुरू झाला. ग्राहकांना ‘हे चांगले लाकूड आहे’ असे सांगण्याची मोहीम झाली, आणि २००५ च्या सुमारास या कडुनिंबाच्या लाकडाला, लाकूड जंगल राखून घेतले आहे याची खात्री देणाऱ्या एफएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्रही मिळाले. जुन्या कारागिरांनी आयुष्यभर हाताला सवयीचे झालेले लाकूड सोडून नव्या लाकडाचा कल, त्याच्या गाठी आणि त्याचा रेषा सोडण्याचा स्वभाव पुन्हा शिकून घेतला. त्यांचा हा कष्टाचा बदल ग्राहकापर्यंत पोचण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे वस्तूखाली लिहिलेले लाकडाचे नाव. कडुनिंबाच्या पाणघोड्याला काळे पॉलिश फासून तो ‘एबनी’ म्हणून विकला गेला, तर त्या सगळ्या खटाटोपावर बोळा फिरतो.

‘एबनी’ या शब्दाने तर माझ्या हातून एकदा मोठे नुकसान झाले आहे, आणि ते येथे सांगणे मला आवश्यक वाटते. आफ्रिकेतील ज्या काळ्या लाकडाचे माकोंडे जमातीचे कोरीवकाम जगभर प्रसिद्ध आहे, एकमेकांच्या खांद्यांवर चढलेल्या माणसांचे ते उंच खांब आपण चित्रांत तरी पाहिले असतील, त्या लाकडाचे स्थानिक नाव म्पिंगो आणि शास्त्रीय नाव डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन. बाजारात त्याला सर्रास एबनी म्हणतात. खरे एबनी मात्र डायोस्पायरॉस या वेगळ्याच गटातले, आणि त्याच गटातले डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन म्हणजे आपल्या गडचिरोली-गोंदियातला तेंदू, ज्याची पाने विड्यांसाठी तोडली जातात. दोन्ही झाडांचे आडनाव एकच, कारण त्या ग्रीक शब्दाचा अर्थच काळे लाकूड असा आहे. झाडे मात्र एकमेकांची कोणी नव्हेत. म्पिंगो हा आपल्या शिसवाचा आणि उत्तरेकडच्या शिसमाचा भाऊबंद आहे. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया गटातील झाडे, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि त्यांच्या लाकडाच्या वस्तू व्यापारासाठी देशाबाहेर पाठवायला परवाना लागू लागला. त्या वर्षीच्या वसंत ऋतूत युरोपात जाणाऱ्या एका मालाच्या कागदावर मी नेहमीच्या सवयीने ‘कोरीव लाकूड, एबनी’ असे टंकले. तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी शास्त्रीय नाव विचारले, लाकूड तपासले, ते म्पिंगो निघाले, आणि परवाना नसल्यामुळे माल सुटला नाही. निर्यातदाराने झालेला तोटा पुढच्या खेपेच्या पैशांतून वळता करून घेतला, म्हणजे शेवटी तो कारागिरांच्याच माथी बसला. ज्यांनी ते खांब कोरले त्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी तर लाकूड कुठले ते बरोबर सांगितले होते. कागदावर ते माझ्याकडून चुकीचे उतरले.

नाव ठाऊक असले म्हणजे परवान्याची वाटही सापडते, हे आपल्याच देशाच्या अनुभवावरून दिसते. २०१७ च्या त्या नियमाने उत्तर भारतातील शिसमाच्या वस्तूंची निर्यात, केंद्र सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार, वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींपर्यंत घसरली आणि ५०,००० च्या आसपास कारागिरांना त्याची झळ बसली. भारताने हा प्रश्न लावून धरला. २०१९ मध्ये दहा किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार मालाला सूट मिळाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील साइट्सच्या बैठकीत असे स्पष्ट झाले की ही दहा किलोंची मर्यादा संपूर्ण खेपेला लावायची नसून एकेका वस्तूतील लाकडाला लावायची आहे. छोट्या वस्तू करणाऱ्या कारागिरासाठी हा फार मोठा दिलासा होता. परंतु आपली वस्तू शिसमाची आहे, सागाची आहे की आंब्याची आहे, हे ज्याला लिहून देता येत नाही त्याला या दिलाशाचा उपयोग कसा होणार?

आता लाकडाच्या ओलीविषयी, कारण नागपूरकर ग्राहकाला सर्वांत आधी भिडणारी गोष्ट हीच आहे. मोम्बासाहून परतताना मी म्झेंच्या हातचा तो पाणघोडा आणि आंब्याच्या लाकडाचा एक जिराफ सोबत आणला होता. २०१९ च्या मे महिन्यात, बाहेर पारा सत्तेचाळीसकडे चाललेला असताना, एका रात्री बैठकीच्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला. सकाळी पाहिले तर जिराफाच्या मानेपासून पोटापर्यंत करंगळीचे नख जाईल एवढी फट पडली होती. समुद्राच्या दमट हवेत मुरलेले लाकूड आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उरलेसुरले पाणी टाकते, वरचा थर आधी आकसतो, आतला गाभा आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत लाकूड उलते. युरोपातल्या ग्राहकाच्या घरी हेच हिवाळ्यात, खोल्या गरम करणाऱ्या यंत्रांमुळे घडते. मग ‘आफ्रिकेचा माल टिकत नाही’ असे म्हणून तो दुकानदाराकडे परत जातो, दुकानदार निर्यातदाराचे पैसे कापतो आणि निर्यातदार कारागिराचे.

पाणघोड्याला मात्र आजही एक रेघ पडलेली नाही. म्झेंनी त्याचे लाकूड कोरण्याआधी फाडून, दोन्ही टोकांना मेण लावून, कित्येक महिने सावलीत ठेवले होते. झाडाच्या मधला गाभा त्यांनी मूर्तीत येऊ दिला नव्हता. जिराफ ज्याने केला त्या तरुणाला लाकूड वाळण्याची वाट पाहायला सवड नव्हती. डिसेंबरात पर्यटक असतात, जानेवारीत केनियातल्या शाळा सुरू होतात आणि फी भरावी लागते, म्हणून त्याने ओले लाकूड कोरले आणि विकले. ओले लाकूड कोरायला मऊही असते. त्याच्या जागी कोणीही असता तर हेच केले असते, आणि म्हणून मला लाकडाच्या ओलीचा प्रश्न हा मुळात पैशाचा प्रश्न वाटतो. सहा महिने लाकूड वाळत ठेवणे म्हणजे सहा महिने पैसे अडकवणे. ज्याच्या हातात उद्याचे पीठ घ्यायला पैसे नाहीत, त्याला ‘लाकूड नीट वाळवा’ असे सांगून काहीही साधत नाही.

म्हणून आगाऊ रकमेचा मुद्दा मी लावून धरते. न्याय्य व्यापारासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनच्या तत्त्वांत असे स्पष्ट आहे की हस्तकलेच्या मागणीबरोबर, कारागिरांनी मागितल्यास, किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. माझ्या टेबलावरून गेलेल्या ऑर्डरींपैकी ज्यांच्यासोबत अशी रक्कम येत असे त्यांचा माल वेळेवर, वाळलेला आणि एकसारख्या मापाचा असे. ज्यांचे पैसे माल पोचल्यावर साठ किंवा नव्वद दिवसांनी येत, त्यांच्या खोक्यांतून पुढे तक्रारी निघत. पैसे पोचवण्याची अडचण आता राहिलेली नाही. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाले आणि तेव्हापासून वामुन्यूच्या कारागिराला मोबाइलवर काही मिनिटांत रक्कम मिळू शकते. आपल्याकडे यूपीआयने जे झाले ते तेथे बरेच आधी झाले होते.

कीड लागण्याचा प्रकार ओलीशीच बांधलेला आहे. ओल्या, साली-गाभ्यासकट कोरलेल्या लाकडात भुंग्याची अंडी राहून जातात आणि काही महिन्यांनी मूर्तीखाली मैद्यासारखे पीठ पडू लागते. ऑस्ट्रेलियासारखे देश तर साल किंवा किडीचे छिद्र दिसले तरी माल अडवतात. लाकडी खोक्यांसाठीही आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सलग ३० मिनिटे त्या तापमानाला ठेवायचा किंवा ठरलेल्या पद्धतीने धुरी द्यायची, आणि तसा शिक्का खोक्यावर मारायचा. शिक्का नसलेल्या खोक्यामुळे आतला उत्तम माल बंदरात अडकलेला मी पाहिला आहे. आणि वाहतुकीचे भाडे काढताना हिशेब वजनाचाच होतो असे नव्हे. विमानाच्या कुरिअरने पाठवताना लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः ५,००० ने भागतात. १२० सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर रुंद-जाड खोक्यातला जिराफ प्रत्यक्षात दोन किलोंचा असला तरी भाडे ९.६ किलोंचे पडते. जिराफाच्या मानेभोवतीच्या रिकाम्या हवेचे पैसे भरावे लागतात, आणि म्हणून अनुभवी निर्यातदार लाकूड जहाजाने व दागिने विमानाने पाठवतात.

दागिन्यांच्या बाबतीतही नावाचाच प्रश्न येतो, फक्त तेथे लाकडाऐवजी धातूचे आणि मण्याचे नाव विचारायचे असते. घानातील क्रोबो लोक फुटक्या बाटल्यांची काच कुटून तिची पूड मातीच्या साच्यांत भरतात, मण्याला भोक पडावे म्हणून मध्ये कसावाच्या पानाचा देठ उभा करतात आणि साचा भट्टीत घालतात. देठ जळून जातो आणि भोक राहते. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच. असा मणी आणि कारखान्यातला प्लास्टिकचा मणी यांत काय फरक आहे, हे विक्रेत्याने सांगितल्याशिवाय ग्राहकाला कसे कळावे? मासाई स्त्रियांच्या रंगीत गळपट्ट्यांतले बारीक काचमणी तर मुळात युरोपातून, मुख्यतः आजच्या चेकियातून, आले. त्या मण्यांना अर्थ आणि मांडणी दिली ती मासाई स्त्रियांनी. लाल अकीकाचे मणी मात्र शेकडो वर्षे आपल्या खंबातहून पूर्व आफ्रिकेला जात होते, आणि गुजरातेत रतनपूरच्या अकीकाच्या खाणींजवळ बावा गोर या सिद्दी पिराचे स्थान आजही आहे. आपला आणि आफ्रिकेचा दागिन्यांचा व्यवहार असा फार जुना आहे.

नैरोबीतील किबेरा वस्तीत जुन्या कुलपांचे आणि नळांचे पितळ वितळवून सुंदर कर्णफुले आणि कंकणे केली जातात. टाकाऊतून केलेले हे काम मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच त्यातली एक अडचण सांगितली पाहिजे. नळ-कुलपांच्या पितळेत, ते लेथवर सहज कातता यावे म्हणून, दोन-तीन टक्के शिसे मिसळलेले असू शकते. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१३ पासून दागिन्यातील शिशाची मर्यादा ०.०५ टक्के आहे. तेव्हा असे पितळ तपासल्याशिवाय पाठवले तर माल नाकारला जातो, आणि लहान मुलीच्या हातात घातले तर ते तिच्या तब्येतीला बरे नाही. तपासणीचा खर्च एकेका कारागिराला झेपणारा नसतो. दहा कारागिरांनी एकत्र येऊन पितळेची एकच खेप वितळवली आणि तिचा नमुना तपासून घेतला तर तो झेपतो.

हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूंविषयी थोडक्यात लिहिते. केनियाने जुलै १९८९ मध्ये नैरोबीत १२ टन हस्तिदंत जाळून आपली भूमिका जगाला दाखवली होती आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीपासून आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद आहे. कोणी ‘जुना आहे, चालतो’ असे सांगून विकत असेल तर घेऊ नये.

हे सगळे वाचताना विदर्भातील वाचकांना आपल्याच लोकांची आठवण झाली असेल. गडचिरोलीत सागावर कोरीवकाम करणारे आदिवासी तरुण आणि चंद्रपूर-गडचिरोलीतले बांबूकाम करणारे बुरड यांच्यापुढे हेच सगळे अडसर उभे आहेत. बांबूत पिष्ट (स्टार्च) असते, म्हणून त्याला तर भुंगा लाकडाहून लवकर लागतो. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात तो वेळेवर मुरवला तर वाचतो. पाठवण्याची सोय आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. नागपुरातून कंटेनर रेल्वेने थेट न्हावा-शेवाला जातो आणि २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रांतून लहान पार्सलही परदेशी पाठवता येते. अडते ते त्याआधी, लाकूड वाळवताना, कीड मारताना आणि कागद लिहिताना. विदर्भातील कारागिरांसाठी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत नागपुरात लाकूड व बांबू वाळवण्याची आणि तापवण्याची एक सामाईक भट्टी, आणि तिच्याच आवारात लाकडाचे नाव तपासून कागद भरून देणारे एक टेबल, एवढी सोय झाली तरी पुष्कळ होईल. अशा टेबलावर बसणाऱ्या माणसाला तेंदू आणि म्पिंगो यांतला फरक शिकवायला मी स्वतः विनामोबदला येईन.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये एका इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा उभा महाराष्ट्र संतापला होता आणि तो संताप रास्त होता. आपल्या शहरातल्या गाळ्यावर ‘आफ्रिकन आर्ट’ एवढीच पाटी लावून विकल्या जाणाऱ्या वस्तूसमोर उभे राहताना तो संताप आपण आठवावा, असे मला वाटते. आफ्रिका हे पन्नासहून अधिक देशांचे खंड आहे. ‘आशियाई चप्पल’ म्हटल्याने कोल्हापूरच्या कारागिराला जे वाटेल तेच ‘आफ्रिकन हत्ती’ म्हटल्याने वामुन्यूच्या कारागिराला वाटत असणार.

काहींचे म्हणणे असे पडेल की प्रदर्शनातला विक्रेता मालाचा तिसरा-चौथा धनी असतो, त्याला लाकूड आणि कारागीर कुठून ठाऊक असणार. हे म्हणणे मला मान्य नाही, कारण मोम्बासाच्या त्या संस्थेत प्रत्येक वस्तूखाली कारागिराचा सभासद क्रमांक आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी मी नऊ वर्षे पाहिली आहे. ती चिठ्ठी वाटेत कोणीतरी काढून टाकते, आणि ती काढली जाते याचे कारण पुढचा ग्राहक ती मागत नाही. घासाघीस जरूर करावी, तीही बाजाराची रीत आहे. पण भाव ठरवण्याआधी लाकूड कुठले, कोणत्या देशातले, कोणी केले, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. लग्नाकार्यासाठी किंवा कार्यालयातील भेटवस्तूंसाठी एकगठ्ठा मागणी देणाऱ्यांनी निम्मी रक्कम आधी द्यावी आणि ती कारागिरापर्यंत पोचल्याची खूण मागावी. काळ्या लाकडाविषयी शंका असेल तर वस्तू पाण्याच्या बादलीत सोडून पाहावी. म्पिंगो पाण्यात बुडतो, पॉलिश लावलेला आंबा तरंगतो.

शहरात हिवाळी प्रदर्शने भरवणाऱ्या सर्व संस्थांना माझी विनंती आहे की, गाळ्यासाठी अर्ज मागवताना ‘प्रत्येक वस्तूवर लाकडाचे किंवा धातूचे नाव, तयार झाल्याचे ठिकाण आणि कारागिराचे नाव अथवा क्रमांक असावा’ एवढी एक अट यंदापासून घालावी. माझ्या पाणघोड्याच्या पोटाखाली म्झेंची चिठ्ठी अजून शाबूत आहे; क्रमांक, ‘म्वारोबाइनी’ हा शब्द आणि किंमत, एवढेच तीवर आहे आणि ती दोन बोटांच्या रुंदीची आहे. तिचे छायाचित्र या पत्रासोबत पाठवीत आहे. आयोजकांना नमुना म्हणून उपयोगी पडावे यासाठी शक्य असल्यास ते पत्राशेजारी छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर